तेल गळतंय म्हणून इंजिन खोलू नका

जुनी गाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासऱ्यांनी १९७२ साली घेतलेली अ‍ॅम्बेसेडर मार्क टू आमच्याकडे आहे. ते गेल्यापासून गाडी मीच चालवते. रविवारी सोमेश्वर किंवा गंगापूर धरण, आणि वर्षातून एकदा वणीचा गड. गेली दोन वर्षं पोर्चमध्ये रोज सकाळी ताटलीएवढा तेलाचा डाग दिसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत, साधारण त्याच्या खाली. पोर्चला फाटकाकडे उतार आहे आणि गाडी आम्ही पुढून आत घेतो. एका गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि सांगितलं, मागचं क्रँक सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. उतरवतोच आहोत तर बोअर-पिस्टनसकट फुल इंजिन करून घ्या. खर्च सव्वा लाख. गाडी चढाला दमत नाही, धूर मला तरी दिसत नाही. घरात दोन तट पडलेत. काय करू?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ताई, इंजिन उतरवायला इतक्यात कुणालाही हो म्हणू नका. गाडी चढाला दमत नाही, धूर नाही आणि पोर्चला उतार आहे, या तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींवरूनच माझा कल ठरला.

उतारापासून सुरुवात करतो, कारण गॅरेजमध्ये त्याबद्दल कुणी विचारत नाही. तुमच्या गाडीचं १४८९ सीसीचं इंजिन मूळच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं. त्यात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नसतंच. क्रँकवर स्क्रूच्या आट्यांसारखी खाच कापलेली असते आणि क्रँक फिरताना ती खाच मागे आलेलं ऑइल परत आत ढकलते. इंजिन बंद केलं की हे ढकलणं थांबतं आणि जे ऑइल तिथे उरलंय ते दोन-चार थेंब होऊन खाली येतं. नाक वर करून गाडी रात्रभर उभी राहिली तर चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या परातीतलं, ऑइलही मागे सरकतं. म्हणजे ‘मागचं सील गेलं’ हे वाक्य तुमच्या गाडीला लागूच होत नाही. मधल्या काळात कुणी सील बसवून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. जुनी बिलं असतील तर चाळून बघा.

उताराचा आणखी एक त्रास आहे. उतारावर उभ्या गाडीची डिपस्टिक खरं सांगत नाही. तुम्ही पोर्चमध्येच ऑइल तपासत असाल आणि कमी दिसतंय म्हणून भरत असाल, तर चेंबरमध्ये वरच्या खुणेच्याही वर ऑइल असू शकतं. जास्त भरलेलं ऑइल क्रँकच्या तडाख्यात सापडतं, फेसाळतं आणि मागून बाहेर पडायला बघतं. तेव्हा आधी गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग पट्टी बघा. जास्त असेल तर वरच्या खुणेपर्यंत काढून टाका. आठवडाभर गाडी रिव्हर्सने आत घ्या आणि खाली पुठ्ठा टाका. द्राक्षाच्या पेटीचा चालतो, आपल्याकडे त्याला तोटा नाही. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवा, म्हणजे रोज तो त्याच ठिकाणी येईल आणि डाग हलला का, लहान झाला का, हे कळेल. डागाच्या आकाराला घाबरू नका. एका मिलिलिटरात साधारण वीस थेंब असतात, आणि तेवढे थेंब गुळगुळीत फरशीवर पसरले की बघणाऱ्याला वाटतं पाव लिटर गेलं.

आता गळती शोधायची कशी ते सांगतो. खाली वाकून बघितल्यावर दिसते ती तेल टपकण्याची जागा. तेल निघतं वरून, पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं, ब्लॉकच्या कडेने चेंबरच्या बोल्टवर उतरतं आणि सगळ्यात खालचं टोक बघून टपकतं. तुमच्या गाडीत ते टोक नेमकं बेल हाउसिंगजवळ, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या घराजवळ, येतं. त्यामुळे पुढचं-मागचं कुठलंही लिकेज असो, खालून बघणाऱ्याला ते क्रँकचंच वाटतं.

म्हणून आधी इंजिन धुवा. पूर्ण थंड इंजिनावर, बॅटरीची वायर काढून, डिस्ट्रिब्युटर, डायनामो आणि कार्बोरेटरचं तोंड प्लास्टिकच्या पिशवीने बांधून घ्या. ब्रश आणि डिझेलने पन्नास वर्षांचा थर सोडवा. ब्लॉकची मूळ रंगाची बाजू दिसेपर्यंत घासायचं. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, आणि एक दिवस कडक ऊन. डिझेलचा वास पूर्ण गेल्याशिवाय सेल्फ मारू नका. सुकलेल्या इंजिनावर अंगाला लावायची पांढरी पावडर हाताने उडवा, सांध्यांवर जरा जास्त. इंजिन जागेवर दहा मिनिटं चालवा, टॉर्च घेऊन बघा. काही दिसलं नाही तर सोमेश्वरपर्यंत जाऊन या आणि पुन्हा बघा. पावडर भिजली की करडी रेघ उमटते. ती रेघ वर जिथे सुरू होते तिथे बोट ठेवा. हल्ली ऑइलमध्ये घालायचा डाय आणि जांभळ्या प्रकाशाची बॅटरी मिळते, अंधारात तेल पिवळं-हिरवं चमकतं. तेही चांगलं, पण धुण्याला पर्याय नाही.

बघायचं वरून खाली, याच क्रमाने : रॉकर कव्हरची (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची) कड, त्याच्या माथ्यावरच्या दोन नटांखालचे रबरी बुश, ऑइल प्रेशरच्या पाइपचा जोड, फिल्टरचा सांधा, पेट्रोल पंप ब्लॉकवर असेल तर त्याचा फ्लँज, टॅपेटची (वॉल्व्ह उचलणाऱ्या गुटक्यांची) साइड कव्हरं, टायमिंग कव्हर, मग चेंबरचं पॅकिंग. आणि हे सगळं कोरडं निघालं तरच बेल हाउसिंगच्या तळाचं भोक. गाडीखाली जायची वेळ आली तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. घोड्या लावा, चाकांना ठोकळे द्या.

माझा पहिला संशय टॅपेट साइड कव्हरवर आहे. मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकच्या अंगाला पत्र्याची दोन कव्हरं असतात, प्रत्येकाला मधोमध एकच बोल्ट. आत कॉर्कचं पॅकिंग. वर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची धग, त्यामुळे कॉर्क वाळून बिस्किटासारखा होतो. थेंब दिसला की मिस्त्री तो बोल्ट अजून आवळतो. आवळला की पत्रा मधे आत जातो आणि चारही कडा उचलतात, गळती वाढते. कव्हर काढून काचेच्या तुकड्यावर पालथं ठेवा. कडेखालून उजेड दिसला तर तेच कारण. हलक्या हातोडीने कड सपाट करायची, जुनं पॅकिंग खरवडून काढायचं, नवं कॉर्क पॅकिंग कव्हरच्या बाजूने चिकटवायचं आणि बोल्ट बेताने आवळायचा. मी सातपूरच्या एमआयडीसीत क्रँक ग्राइंडिंगच्या कामावर होतो तेव्हा पंचवटीच्या एका गृहस्थांचं इंजिन आमच्याकडे आलं होतं. फुल इंजिन करून घेतलं, हजारो रुपये गेले, आणि महिन्याभरात डाग जुन्याच जागी. मागचं साइड कव्हर वाकलेलं होतं. ओव्हरहॉल करणाऱ्याने तेच वाकडं कव्हर परत बसवलं होतं. ते गृहस्थ गाडीजवळ उभे राहून हात चोळत होते, ते मी विसरलेलो नाही. माणसाने विश्वासाने पैसे मोजावेत आणि काम मुळात चुकीच्या जागी व्हावं, याचा मला आजही राग येतो.

यानंतर ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारी वाट. गळती आणि इंजिनाची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना जोडणारी एकच गोष्ट, जिला आपले मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून जळालेला वायू थोडाफार खाली उतरतोच, नव्या इंजिनातही. तो ब्रीदरमधून बाहेर पडायला हवा. वाट बंद झाली की आत दाब साठतो आणि ऑइल मिळेल त्या सांध्यातून बाहेर येतं. मागच्या खाचेचं ढकलणंही या दाबापुढे चालत नाही. रॉकर कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारा होज पाईप काढून आरपार बघा; आतून फुगून बंद झालेले होज मी भरपूर पाहिलेत. साइड कव्हरवरून खाली जाणारा ब्रीदर पाइप तारेने साफ करा. गाडी बराच काळ उभी असेल तर कुंभारमाशी त्यात मातीचं घर करून ठेवते. दोन्ही वाटा मोकळ्या करून मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. किंचित वाफ आली तर ठीक. भक भक करून धूर येत असेल, झाकण नुसतं ठेवलं तर उडत असेल, तर मात्र रिंग-बोअरची चौकशी करावी लागेल.

ती चौकशीही मापाने करायची, कानाने नाही. गाडी वीसेक किलोमीटर चालवून गरम करा. चारही प्लग काढा आणि ओळीने ठेवा. तपकिरी-करडे असतील तर उत्तम. एखादाच तेलकट काळा असेल तर त्या सिलिंडरवर खूण करा. कॉइलची वायर काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, आणि एकेका भोकात कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारा. चारही आकडे कागदावर लिहा. एकट्या आकड्यापेक्षा आपसातला फरक महत्त्वाचा. सगळ्यात वरच्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांच्या आत सगळे असतील तर इंजिन समतोल आहे. आणि आकडा कमी वाटला म्हणून दचकू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, इथली हवाच जवळजवळ सात टक्के विरळ. मुंबईत १४० पीएसआय दाखवणारं इंजिन इथे १३० च्या आसपास दाखवेल. मुंबईच्या मिस्त्रीला फोनवर आकडे सांगितले की तो कमी आहे म्हणतो, ते यामुळे.

एखादा सिलिंडर कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर वॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी असतील तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग. वॉल्व्हचं काम हेड उतरवून होतं, त्यासाठी इंजिन गाडीतून काढावं लागत नाही. हे तुमच्या गॅरेजवाल्याला विचारा : तुम्ही कॉम्प्रेशन मोजलं का? मोजलं नसेल तर सव्वा लाख कशावरून सांगितले?

व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती ओढतं ते दाखवणारं मीटर) असलेला मिस्त्री भेटला तर सोन्याहून पिवळं. इनटेक मॅनिफोल्डला लावून आयडलिंगला बघायचं. पुस्तकात १७ ते २१ इंच लिहिलेलं असतं, ते समुद्रकाठचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरतात, म्हणजे आपल्याकडे १५ ते १९ च्या दरम्यान स्थिर काटा चांगला. काटा ठरावीक तालात झटका देत असेल तर एक वॉल्व्ह बसत नाही. आयडलिंगला थरथरतो आणि रेस दिली की स्थिर होतो, तर वॉल्व्ह गाईड झिजलेत. संथ हेलकावे घेत असेल तर आधी कार्बोरेटर.

धुराचं तुम्ही ‘मला तरी दिसत नाही’ म्हणालात. चालवणाऱ्याला तो दिसत नसतोच. पुढच्या वेळी गडावरून उतरताना नांदुरीपर्यंत गाडी खालच्या गिअरमध्ये इंजिनावर सोडा, सपाटीला आल्यावर रेस द्या, आणि मागून येणाऱ्या घरच्या माणसाला बघायला सांगा. त्या क्षणी निळा भपका आला आणि मग थांबला तर वॉल्व्ह गाईड किंवा त्यांची रबरं. सतत निळा, चढालाही निळा, तर रिंगा. ऑइल प्रेशरही एकदा साध्या मेकॅनिकल गेजने मोजून घ्या. इंजिन पूर्ण गरम असताना, रस्त्यावर चालत्या वेगाला ५० पीएसआयच्या आसपास आणि आयडलिंगला १५-२० मिळालं तर बेअरिंगांना हात लावायचं कारण नाही.

इतकं सगळं का लिहिलं, तर बोअर आणि क्रँक या गोष्टी परत भरून येत नाहीत. क्रँक ग्राइंड करायचा म्हणजे दर वेळी दहा थाऊ (इंचाचे दहा हजारांश) लोखंड उतरवायचं, आणि ते मोजक्या वेळाच करता येतं. सासऱ्यांनी जपलेला क्रँक अजून स्टँडर्ड साइझचा असेल तर एका कॉर्कच्या पट्टीपायी तो मशीनवर चढवू नका. हजार किलोमीटरला किती ऑइल भरावं लागतं याची नोंद ठेवा. अर्ध्या लिटरपर्यंत मी या वयाच्या इंजिनाला नावं ठेवणार नाही. लिटरच्या वर गेलं, आकड्यांत फरक आहे, प्रेशरही पडलंय, असं तिन्ही एकदम दिसलं तर मला पुन्हा लिहा. तेव्हा इंजिन खोला असं मीच सांगेन, आणि काय काय मोजून घ्यायचं तेही.

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी पावसाळ्यात देवळाली कॅम्प ते नाशिकरोड स्टेशन एवढीच फिरली. परवा ऑइलचं झाकण काढलं तर आतून पिवळट-पांढरं, लोण्यासारखं काहीतरी लागलेलं. शेजारी म्हणतात हेड गॅस्केट गेलं, ऑइलमध्ये पाणी आलं.
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : बहुतेक ते हवेतलं पाणी आहे. सात-आठ किलोमीटरमध्ये इंजिनाचं पाणी तापतं, ऑइल नीट तापत नाही. आतली वाफ थंड झाकणाला लागून ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिक पुसून बघा. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल तर चिंता नाही. झाकण पुसा, ब्रीदर साफ करा, आणि एखाद्या रविवारी घोटीपर्यंत जाऊन या. पंधरा दिवस रेडिएटरचं पाणी सकाळी थंड असताना बघत राहा. पाणी उतरत असेल, गरम इंजिनात बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवरच चहासारखा रंग दिसत असेल तर गाडी चालवू नका, कॉम्प्रेशन मोजून हेड उतरवा. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग फार काळ टिकत नाही.

डिपस्टिकचा वासही घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी न भरता वाढलेली असेल तर मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटलाय. पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतंय. हे ताबडतोब करायचं काम आहे.

प्रश्न : जुन्या जीपचं इंजिन सगळीकडून पाझरतं. लिकेज थांबवायचं औषध घालू का? आणि महागातलं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल टाकलं तर इंजिनाचं आयुष्य वाढेल का? मिस्त्री म्हणतो सगळ्या सांध्यांना सिलिकॉन लावून टाकू.
– एक द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : तिन्ही नको. औषधाने रबरी सील थोडं फुगतं, तेवढ्यापुरता आराम पडतो. वाळलेल्या कॉर्कला आणि वाकलेल्या पत्र्याला त्याचा काही उपयोग नाही. ५डब्ल्यू-३० या इंजिनाच्या फटींना फार पातळ आहे. गळती वाढेल आणि आयडलिंगचं प्रेशर पडेल. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल घ्या. जुन्या इंजिनांत टॅपेट थेट कॅमवर घासतं, त्याला ऑइलमधल्या झिंक-फॉस्फरसच्या घटकाचं संरक्षण लागतं. नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. दुकानदाराला जुन्या पेट्रोल इंजिनासाठी आहे हे सांगूनच डबा घ्या, आणि कमी चालली तरी वर्षातून एकदा ऑइल-फिल्टर बदला.

सिलिकॉनबद्दल मिस्त्रीला माझ्याकडून ठामपणे नाही सांगा. बाहेर जेवढं सांध्यातून पिळून येतं तेवढंच आतही येतं. आतला तुकडा सुटला की ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतो आणि मग गळतं ते थांबून इंजिनच जाम होतं. सगळीकडून पाझरणाऱ्या इंजिनात पहिला संशय ब्रीदरवर घ्यायचा. तो साफ करा, वर ताईंना सांगितलंय तसं धुऊन पावडर मारा, आणि जिथे रेघ उमटेल तेवढंच पॅकिंग बदला. जीपला बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंनी हात जातो, हे काम तुम्ही शेडमध्ये स्वतः करू शकाल.